वाचून परत करावे ही विनंती

कानबाईला, म्हणजे आमच्या खानदेशातल्या श्रावणातल्या देवीच्या सणाला, आठवडा उरला की आमच्या घरात कुठलीच वस्तू जागेवर राहत नाही. माळे उपसायचे, गाद्या गच्चीवर टाकायच्या, डबे लख्ख घासायचे, कारण बाई घरी यायची आहे. यंदा पुस्तकांचं कपाट दहावीतल्या लेकीच्या वाट्याला आलं आणि तिनं ते जमेल तेवढ्या नाराजीनं हाती घेतलं. पुस्तक उलटं धरायचं, तळहातावर दोनदा आपटायचं, धूळ उडाली की शिंकायचं, खाली ठेवायचं. मी स्वयंपाकघरात होते. बराच वेळ आपटण्याचा आवाज येत होता, मग तो थांबला. बाहेर येऊन पाहिलं तर ती पंख्याखाली मांडी घालून बसलेली, मांडीवर खाकी कापडी बांधणीचं एक पुस्तक, आणि पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूवर बोट. "आई, हे कोण?"

बोटाखाली एक चिठ्ठी चिकटवलेली होती. आगपेटीच्या दुप्पट आकाराची, कधीकाळी पांढरी, आता चहा सांडल्यासारखी. कातरंगी शाईत छापलेलं निंबाचं झाड, झाडाखाली बाज, बाजेवर पालथं ठेवलेलं उघडं पुस्तक. वाचणारा आत्ताच पाणी प्यायला उठून गेला असावा असं. खाली माझ्या जुन्या सरांचं नाव, मग 'ग्रंथसंग्रह, अमळनेर', त्याखाली बारीक अक्षरात 'वाचून परत करावे ही विनंती', आणि 'क्र.'पुढे शाईपेननं घातलेला आकडा, ३१८. लेकीनं सगळं मोठ्यानं वाचलं. 'ही विनंती'वर जरा रेंगाळली. मग तिनं आणखी दोन प्रश्न विचारले. आपल्या घरात यांचं पुस्तक कसं? आणि या चिठ्ठीला म्हणतात काय?

पहिल्याचं उत्तर मला ठाऊक होतं. दुसऱ्याचं नव्हतं. म्हणून मी दुसऱ्याच्या मागे लागले.

फोनवर शोधायला लेकीला अर्धं मिनिट लागलं. इंग्रजीत बुकप्लेट, आणि जगभरचे हौशी लोक म्हणतात एक्स लिब्रिस. लॅटिन आहे ते. 'अमक्याच्या पुस्तकांपैकी' एवढाच अर्थ. म्हणजे शब्द अर्धाच, पुढे कुणाचं तरी नाव लागलं की पुरा होणारा. मला ते आवडलं, पण तोंडात बसेना. आणि बुकप्लेट म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे पोह्यांची बशी येते. मग मराठीत काय म्हणावं? ग्रंथमुद्रा म्हटलं तर रबरी शिक्का वाटतो, जांभळ्या शाईचा, तहसील कचेरीचा वास असलेला. स्वामित्वपत्रिका म्हटलं की सातबारा आठवतो. पुस्तकपाटी त्यातल्या त्यात बरा, दाराला पाटी तशी पुस्तकाला. पण कोरी पाटी, नावाची पाटी, डोक्यावरची पाटी. त्या शब्दाला आधीच कामं फार. धुळ्यात आग्रा रोडवर ओळखीचा एक छापखाना आहे, तिथं फोटो दाखवला. मालक म्हणाले, "लेबल आहे मॅडम. किती हजार काढायचे?" वाचनालयातल्या ताईंना वाटलं मी तारखेच्या चिठ्ठीबद्दल विचारतेय, ती मागच्या पुठ्ठ्याला असते म्हणाल्या. बाइंडिंगवाल्या काकांनी चष्मा वर सरकवून निर्णय दिला, "पट्टी." अहिराणीचा तर प्रश्नच मिटलेला. तिथं 'कोनं पुस्तक शे?' विचारलं की 'मनं शे' एवढं उत्तर पुरतं, चिठ्ठीची गरज नाही.

खरं तर शब्दांच्या मुळाशी खणत जाणारी माणसं या मुलखाला परकी नाहीत. इतिहासाचार्य राजवाडे आयुष्याच्या अखेरीस धुळ्यात होते. १९२६च्या डिसेंबरात, वर्षाच्या शेवटच्या दिवशी ते गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथं उभं राहिलं. धातू आणि व्युत्पत्ती लावत बसणारा हा माणूस गावोगावचे माळे आणि दप्तरं धुंडाळत हिंडला. लोकांकडून जुने कागद मिळवणं आणि लोकांच्या तोंडचे शब्द मिळवणं, दोन्हीला चिकाटी एकच लागत असणार. १९५२ साली अमळनेरला साहित्य संमेलन भरलं तेव्हा अध्यक्ष होते कृ. पां. कुलकर्णी, मराठीचा व्युत्पत्तिकोश करणारे. संमेलन पुन्हा अमळनेरला आलं ते थेट २०२४च्या फेब्रुवारीत, सत्त्याण्णवावं. त्या वेळी मी पुस्तकांच्या गाळ्यांमधून दोन दिवस फिरले, पिशव्या भरभरून पुस्तकं घेतली, मांडवात ओळखीचे लोक भेटले. सरांचं घर तिथून रिक्षानं दहा मिनिटांवर.

गेले नाही.

रात्री सगळे झोपल्यावर मी वाचत बसले. या चिठ्ठ्यांतल्या सगळ्यात जुन्या सापडतात त्या जर्मनीत, पंधराव्या शतकात. एक आहे इग्लर नावाच्या धर्मोपदेशकाची. इगेल म्हणजे हेजहॉग, तो काट्यांचा छोटा प्राणी. तर या गृहस्थानं स्वतःच्या नावावर कोटी करून तोंडात फूल धरलेला हेजहॉग छापून घेतला आणि वर ओळ घातली, हेजहॉग तुझा मुका घेवो. मी तो पुस्तक ढापणाऱ्यांना दिलेला शाप समजले आणि आपसूक गाल चोळला. दुसरी १४८०च्या सुमाराची, ढाल धरलेल्या देवदूताची, हातानं रंगवलेली. हिल्डेब्रांड ब्रांडेनबर्ग नावाच्या माणसानं बुक्सहाइमच्या मठाला पुस्तकं दिली, त्या पुस्तकांत ती लावलेली होती. म्हणजे या दुसऱ्या चिठ्ठीवर जे नाव आहे ते पुस्तक ठेवून घेणाऱ्याचं नाही, देऊन टाकणाऱ्याचं आहे. 'सप्रेम भेट'च की. आणि पुढे न्यूरेंबर्गला ड्यूररसारख्या बड्या चित्रकारानं आपला मित्र पिर्कहायमर याच्यासाठी अशी चिठ्ठी केली, तिच्यावर लॅटिनमध्ये शब्द आहेत: स्वतःसाठी आणि मित्रांसाठी.

हे वाचून मी उठून बसले, कारण हे वाक्य मला पाठ होतं. आपल्या जुन्या हस्तलिखित पोथ्यांच्या शेवटी, नकल करणारा आपलं नाव, गाव, शक, तिथी घालतो आणि कितीदा तरी लिहितो, 'स्वार्थं परार्थं च'. माझ्यासाठी आणि दुसऱ्यांसाठीही. ड्यूरर आणि आपला कुणी पाठ-कंबर मोडून बसलेला लेखकू, एकमेकांची गावंही ठाऊक नसताना, एकच गोष्ट लिहून गेले. त्याच पोथ्यांच्या शेवटी तो दुसरा श्लोकही असतो, पुस्तकाच्याच तोंडी घातलेला: मला तेलापासून जप, पाण्यापासून जप, सैल बांधणीपासून जप, मूर्खाच्या हाती देऊ नको. 'एवं वदति पुस्तकम्.' गोड आहे तो. तिसरा मात्र मला आवडत नाही. पुस्तक, बाई आणि पैसा, एकदा दुसऱ्याच्या हाती गेले की गेले, असं सांगणारा. आमच्या एका नातेवाइकांनी तो पुस्तकांच्या कपाटावर चिकटवून ठेवला होता आणि त्यांच्या घरातली बाई रोज त्या कपाटावरची धूळ पुसायची.

कुणाच्या वस्तूवर कुणाचं नाव, हा धडा मला पुस्तकांच्या आधी भांड्यांनी शिकवला. माझ्या आजीला आम्ही मोठी माय म्हणायचो. तिला अक्षर येत नव्हतं. पण तिच्या नावाची अकरा भांडी होती: पितळेचा गुंड, दोन पराती, तपेल्या, घंगाळ, पुढं स्टीलचे डबे. नाव घालणारा ओट्यावर बसायचा, छोटी छिन्नी, छोटी हातोडी, आणि टक टक टक करत बारीक ठिपक्यांतून अक्षरं उमटवायचा. तेवढा वेळ मोठी माय समोरून हलायची नाही. तिला वाचता येत नसलं तरी किती अक्षरं व्हायला हवीत हे तिला माहीत होतं. पुढं गावात लग्न निघालं की सगळ्यांची भांडी एकत्र जायची, पंगती उठायच्या, आणि दुसऱ्या दिवशी अंगणात भांड्यांचा ढीग. बायका नावं वाचून आपापली उचलायच्या. मोठी माय डोळे मिटल्यासारखे करून काठाखालून अंगठा फिरवायची, ठिपके चाचपायची आणि म्हणायची, "हाई मनं." एकदाही चुकली नाही. तिच्या नावाचं पुस्तक मात्र जगात एकही नव्हतं. माझी पणती जर कधी कुटुंबाचा इतिहास लिहायला बसली तर आमच्या घरच्या बायकांबद्दलचा लेखी पुरावा तिला मांडणीवर शोधावा लागेल.

पुस्तकांवरची नावं त्या मानानं कच्ची. आमच्या लहानपणी शाळेची पुस्तकं निम्म्या किमतीत वरच्या वर्गातल्या पोरांकडून घ्यायची. पहिल्या पानावर एक नाव खोडलेलं, त्याखाली दुसरं खोडलेलं, मग आपलं. मधेच कुठंतरी ते 'माझे नाव पाहायचे असेल तर पान ४२ पहा', पान ४२ वर 'पान १७ पहा', आणि सतरावर एक शिवी. वर्तमानपत्राचं किंवा खाकी कव्हर, त्यावर दुकानातून आणलेलं लेबल, गुलाबाचं किंवा मिकी माऊसचं, चाटून चिकटवायचं. त्या डिंकाची गोडसर, खवट चव अजून जिभेवर आहे. लेबलं फक्त शाळेच्या पुस्तकांना. अवांतर वाचायची पुस्तकं आमच्याकडे नव्हतीच म्हणायला हरकत नाही, होती ती पोथ्या-पुराणं, त्यांना लाल फडकं.

माझ्या स्वतःच्या पैशांनी घेतलेल्या पहिल्या पुस्तकांवर मी ऐटीत सही ठोकली आहे, माहेरच्या आडनावाची. लग्नानंतरच्या पुस्तकांवर दुसरी सही. मधल्या दोन वर्षांतल्या पुस्तकांवर नुसतंच पहिलं नाव आणि तारीख, जणू आडनावाचा निकाल लागायचा होता. भांड्यांवर तिसरीच गोष्ट आहे. तिथं मी 'चि. सौ. कां.' आहे, आणि पुढं मामाचं नाव माझ्या नावापेक्षा मोठं. एकाच कपाटात, एकाच मांडणीवर मी चार-पाच बायका आहे. लेकीला हे सांगितलं तर ती म्हणाली, मग तुझं लेबल कोणत्या नावानं छापायचं? मी म्हटलं, आधी भाजी निवड.

तर सर. ते आम्हाला तर्कशास्त्र शिकवायचे. अमळनेरात तत्त्वज्ञान मंदिर १९१६पासून आहे, त्यामुळे असला विषय शिकवणारा माणूस त्या गावात विक्षिप्त ठरत नसे, एवढी तरी सोय होती. घर जुनं, माळवदाचं, पुढच्या खोलीत तीन भिंतींना पुस्तकं. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या घरात गेला की सगळं गाव दारं लावून पडायचं आणि सर नेमके तेव्हा चिठ्ठ्या लावायला बसायचे. जमिनीवर ओली चटई, कल्हईच्या पातेल्यात खळ. नुसत्या पिठाच्या खळीला कसर लागते, म्हणून शिजवताना तिच्यात चिमूटभर मोरचूद. त्यानं ती निळसर दिसायची आणि काकू ते पातेलं वेगळं ठेवायच्या, चुकून कुणी हात लावू नये म्हणून. ते निंबाचं चित्र सरांच्या ड्रॉइंग मास्तर मित्रानं काढलेलं. त्याचा जस्ताचा ब्लॉक करून आणला होता आणि ट्रेडलवर, त्या पायानं चालवायच्या छापयंत्रावर, एकदाच काय त्या हजार चिठ्ठ्या मारून घेतल्या होत्या. हजार पुस्तकं झाली की थांबायचं, असं सर म्हणायचे. आम्ही दोघी-तिघी मुली कधी मदतीला जायचो. चिठ्ठी खळीवर ठेवली की ती एका बाजूनं वळायची, मग सर जुन्या धोतराच्या फडक्यानं मधून कडेला हलक्या हातानं दाबत न्यायचे. फुगा राहिला की त्यांना चैन पडत नसे. खोलीत खळीचा आंबूस वास, बाहेर निंबाचा मोहोर झडून गेलेला, कावळासुद्धा ओरडत नसायचा.

३१८ क्रमांकाचं पुस्तक मी १९९७च्या दिवाळीच्या सुटीत मागून आणलं. त्याचं नाव सांगत नाही. ते अजून छापलं जातं, कुठल्याही दुकानात मिळतं, आणि हीच माझी पुढची कित्येक वर्षांची सबब होती. सरांनी दुसरी प्रत घेतली असेल. सुटी संपता संपता माझं लग्न ठरलं, गडबडीत पुस्तक रुखवताच्या पेटीत गेलं, दोन पराती आणि मामाच्या नावाचा पिंप यांच्या मधोमध, आणि धुळ्याला आलं. सुरुवातीला नेऊन द्यायचं होतं. मग फार दिवस झाले म्हणून नुसतं नेऊन देणं बरं दिसेना, काहीतरी कारण काढून जायचं होतं. मग आणखी दिवस झाले आणि पुस्तकाबरोबर माफीही न्यायला लागणार असं झालं. २०११ साली सर गेल्याची बातमी पेपरात वाचली, आणि खरं सांगते, दुःखाच्या आधी एक क्षण सुटल्यासारखं वाटलं. तो क्षण मी कुणाला सांगितलेला नाही. आज लिहिते आहे.

कानबाई झाली. रोट भाऊबंदांत वाटून संपले. ते बाहेर कुणाला द्यायचे नसतात. त्या मंगळवारी मी एसटीत बसले. दोन्ही बाजूंना गुडघाभर कपाशी, बोरी नदीला थोडं पाणी, पिशवीत पुस्तक, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. घर सापडलं. माळवद गेलं होतं, स्लॅब पडला होता. दार उघडलं त्या काकूच होत्या, कंबरेत वाकलेल्या. कपाळावर आता फक्त जुनं हिरवं गोंदण. मी माहेरचं आडनाव सांगितलं तेव्हा त्यांनी मला ओळखलं, किंवा ओळखल्यासारखं केलं. "बस वं माय," म्हणाल्या.

पुस्तक हातात दिलं. त्यांनी नाव पाहिलं नाही, सरळ पुठ्ठा उघडून चिठ्ठीवर हात फिरवला. "कोपरा सुटलाय," म्हणाल्या. मग आत जाऊन एक लांबुडकी वही घेऊन आल्या, लाल कापडी पाठीची. पुस्तकं सगळी सर गेल्यावर वाचनालयाला दिली होती, वही तेवढी राहिली होती. नातवानं पान काढलं. ३१८, पुस्तकाचं नाव, माझं नाव, तारीख, आणि 'परत'च्या रकान्यात पेन्सिलीचा एक ठिपका. मला वाटलं होतं माझ्या नावापुढं काहीतरी लिहिलेलं असेल. नव्हतं. आणि ठिपके पानोपान होते. सत्तावीस वर्षं मी जे एकटीचं समजत होते त्यात निम्मं अमळनेर होतं. नातू म्हणाला, आजवर तिघंच आले परत करायला, तुम्हाला धरून.

निघता निघता विचारलं, काकू, या चिठ्ठीला सर काय म्हणायचे हो? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की यात विचारण्यासारखं काय आहे. "टिकली," म्हणाल्या. "आज टिकल्या लावायच्यात, खळ कर, असं म्हणायचे."

मी ते परतताना कितीदा घोळवलं. टिकली. छान आहे, कपाळावर लावतात तशीच आत पहिल्या दर्शनी, शोभेची, चिकटवायची, पडू शकणारी. घरात जन्मलेला शब्द, कोशात जायची त्याला घाई नाही. लेकीला सांगितलं तर तिनं लगेच विचारलं, "म्हणजे टिकली लावली की ते कुणाचं तरी झालं, असं का?" मला काकूंचं गोंदण आठवलं आणि उत्तर सुचलं नाही.

पुस्तक मात्र मी तिथंच ठेवून आले. त्या जागी पिशवीत काकूंनी कैरीच्या लोणच्याचा डबा घातला होता, नको नको म्हणत असताना. "आता कशाला लाजतेस," म्हणाल्या, आणि मग फाटकापर्यंत येऊन, "डबा लई येजो." घरी येऊन पिशवी उघडली तर झाकणाच्या कडेनं तेल पाझरलं होतं आणि वर्तमानपत्र पारदर्शक झालं होतं. डबा पुसला. झाकणाखाली, काठाला लागून, ठिपक्याठिपक्यांत काकूंचं नाव होतं. सरांचं नाही, त्यांचं एकटीचं. रिकामा डबा परत द्यायचा नसतो, तेव्हा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सांजोऱ्या करीन त्यातल्या घालून न्याव्यात असं आत्ता तरी मनात आहे. आखाजीला अजून नऊ महिने आहेत.